ज्याचा नंबर हुकला

प्रवेशाविषयी बोलताना आपण मराठी माणसे एक सोयीचा वाक्प्रयोग करतो. ‘मुलीचा मेडिकलला नंबर लागला.’ या वाक्यात काही करणारा असा कोणीच नाही. मुलगी नाही, आईवडील नाहीत, महाविद्यालयही नाही. नंबर जणू आपोआप लागतो. जसा डोळा लागतो, जशी ठेच लागते. ज्या घरी दोन वर्षे रात्रीचा दिवस करून अभ्यास झाला त्या घरीही हेच वाक्य, आणि ज्या घरी केवळ पैशाची थैली मोकळी झाली त्या घरीही हेच. पेढेही दोन्ही घरी सारखेच गोड. भाषेने दोन्ही घरांवर एकच पांघरूण घातले आहे. परंतु जागा मोजक्या असतात. म्हणून एकाचा नंबर लबाडीने लागला की दुसऱ्या कोणाचा तरी हुकतो. त्या दुसऱ्याचे नाव काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही हाच प्रश्न हाती घेऊन काही कथांकडे पाहणार आहोत. त्यातल्या काही पडद्यावरच्या आहेत, काही न्यायालयात घडलेल्या, आणि दोन पवित्र शास्त्रातल्या. टीकालेखात चित्रपटांची चर्चा पाहून आमच्या काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. तथापि आज घरातील सर्व माणसे एकत्र बसून जी कथा ऐकतात ती बहुधा पडद्यावरचीच असते, आणि बरे काय, वाईट काय याचे संस्कार तीही करीत असते. तेव्हा तिची पारख करणे अप्रस्तुत ठरू नये.

हुकलेल्या माणसाची गोष्ट बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील वाचकांना फार समजावून सांगावी लागेल असे वाटत नाही. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात सुरू झाला आणि या भागाचे नशीब पालटले. ऊस आला, साखर कारखाने आले. पण कालव्याचा एक नियम येथील शेतकऱ्याला पुरता ठाऊक आहे. वरच्या अंगाला कोणी रात्री गुपचूप दार उचलून जादा पाणी घेतले, तर खालच्या टोकाला इंदापूरकडील एखाद्या शेताची पाळी कोरडी जाते. पाणी घेणारा म्हणू शकेल, मी कोणाच्या विहिरीत पोहरा टाकला नाही, कोणाचा बांध कोरला नाही. तरीही एक विशिष्ट पीक, एका विशिष्ट माणसाचे, त्यामुळे वाळते. कालव्यावर हे सत्य झाकता येत नाही, कारण वाळलेले शेत डोळ्यांना दिसते. महाविद्यालयातील जागेच्या बाबतीत ते झाकता येते, कारण वाळलेला मुलगा घरात बसून असतो.

शिक्षणाचा पाटही या भागात हळूहळूच आला. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली निघाले, विद्या प्रतिष्ठान १९७२ साली, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ साली १०० जागांनिशी सुरू झाले. पदवीसाठी पुण्याची वाट धरावी लागे तो काळ मागे पडला. परंतु पाट आला म्हणून तहान भागतेच असे नाही. देशभरात २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस २३ लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. त्याच वर्षीच्या जून महिन्यात या परीक्षेतील कथित गैरव्यवहाराच्या चौकशीत लातूर येथे दोन शिक्षकांना अटक झाली. जेथे तहान एवढी आणि पाणी एवढे, तेथे रात्री दार उचलून देणारा कोणीतरी भेटतोच. आणि त्याला द्यावयाचे पैसे उसावर राबणाऱ्या मजुराकडे नसतात. ते असतात बागायतदाराकडे, व्यापाऱ्याकडे, डॉक्टराकडे, अधिकाऱ्याकडे.

आता कथांकडे वळू. राजकुमार हिरानी यांचा ‘थ्री इडियट्स’ हा चित्रपट २००९ साली आला. घोकंपट्टीवरची टीका म्हणून तो घरोघर पाहिला गेला आणि अजूनही पाहिला जातो. परंतु त्याच्या कथेच्या गाभ्याशी एक श्रीमंत बाप आहे, त्याची आठवण फारशी कोणाला राहत नाही. सिमल्याचा हा धनिक आपल्या अभ्यासात मठ्ठ असलेल्या मुलाच्या नावाने, घरच्या नोकराच्या अनाथ पण हुशार मुलाला देशातील नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयात पाठवितो. अट एवढीच, की पदवी मिळाली की ती मालकाच्या मुलाच्या नावे राहील आणि नोकराचा मुलगा दिसेनासा होईल. पुढे ठरल्याप्रमाणेच घडते. अभ्यास एकाचा, नाव दुसऱ्याचे.

सधन आईबापांनी केलेल्या फसवणुकीची याहून ठसठशीत गोष्ट शोधूनही सापडणार नाही. पण चित्रपट तिच्याकडे कसा पाहतो? विनोद म्हणून, आणि कथेतील एक गाठ सोडविण्याची युक्ती म्हणून. खरा मालकपुत्र थोडा वेळ समोर येतो, पत्ता सांगतो आणि कथेतून निघून जातो. त्याच्या हातची पदवी त्याच्याच हाती राहते. प्रेक्षकाला त्याचे काही वाटू नये म्हणून लेखकाने एक मखलाशी केली आहे. नायकाला पदवीची आसच नाही, त्याला केवळ ज्ञान हवे आहे. शिवाय तो पुढे थोर संशोधक होतो. म्हणजे ज्याचे नाव चोरले तो इतका मोठा, की त्याला चोरी बोचतच नाही. आम्हास येथे अडखळायला होते. नोकराचा तो मुलगा अलौकिक नसता, चारचौघांसारखा हुशार असता आणि त्याला त्या पदवीच्या कागदावर घर चालवायचे असते, तर हीच कथा हसत हसत पाहता आली असती काय?

याच दिग्दर्शकाचा ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ (२००३) यापूर्वीच आला होता. त्यात नायकाच्या जागी एक डॉक्टर प्रवेश परीक्षेस बसतो आणि प्रेक्षागृह हास्यात बुडून जाते. आपण डॉक्टर होण्यास लायक नाही हे नायक पुढे कबूल करतो, महाविद्यालय सोडतो, हे खरे. परंतु त्या वर्षी त्याच्यामुळे बाहेर राहिलेल्या मुलासाठी या प्रेमळ, क्षमाशील चित्रपटात एकही दृश्य नाही.

साकेत चौधरी यांचा ‘हिंदी मीडियम’ (२०१७) या बाबतीत बराच पुढे जातो. दिल्लीतील कापडाचा एक सधन व्यापारी आणि त्याची पत्नी यांना मुलीसाठी नामांकित शाळा हवी असते. शिक्षण हक्काच्या कायद्याने खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या आहेत. सरळ मार्गाने प्रवेश मिळेना म्हणून हे दोघे गरीब असल्याचे सोंग घेतात आणि तपासणीच्या भयाने झोपडवस्तीत राहावयास जातात. शेजारचा श्यामप्रकाश त्यांना खरेच गरीब समजून आपल्या घासातला घास देतो. सोडतीत व्यापाऱ्याच्या मुलीचे नाव निघते. श्यामप्रकाशच्या मुलाचे, मोहनचे, निघत नाही.

येथे प्रथमच हुकलेल्या मुलाला नाव मिळाले आहे, घर मिळाले आहे, बाप मिळाला आहे. लबाडी करणारा आणि तिची किंमत मोजणारा एका भिंतीला भिंत लावून राहतात. या एका गोष्टीसाठी आम्ही या चित्रपटाला इतर दोहोंच्या वर ठेवतो. तथापि शेवटाकडे येताना त्याचेही धैर्य सुटते. व्यापाऱ्याला पश्चात्ताप होतो, तो सरकारी शाळेला मदत करतो, आपल्या मुलीला त्या नामांकित शाळेतून काढून सरकारी शाळेत घालतो. सत्य कळल्यावर संतापलेला श्यामप्रकाशही अखेर निवळतो. सारे गोड होते. परंतु नीट पाहिले तर व्यापाऱ्याने जागा सोडली, ती मोहनला परत मिळाली नाही. सोडणे आणि परत करणे या दोन क्रिया एक नव्हेत, याचा कथेला विसर पडला आहे.

या चित्रपटांतून आम्हास एक सूत्र हाती लागते. पहिल्यात गरीब मुलगा इतका निःस्पृह आहे की त्याला नुकसान जाणवत नाही. शेवटच्यात गरीब बाप इतका क्षमाशील आहे की तो हिशेब मागत नाही. श्रीमंताच्या लबाडीची भरपाई दोन्हीकडे गरिबाच्या सद्गुणांतून केली आहे. वरवर हा गरिबाचा गौरव वाटतो. वस्तुतः ती त्याच्याकडून केलेली दुसरी वसुली आहे.

पडद्याबाहेरच्या कथांचीही तऱ्हा निराळी नाही. महाराष्ट्रात या प्रकारातील सर्वांत गाजलेले प्रकरण प्रवेशाचे नसून निकालाचे होते. मुंबई विद्यापीठाच्या १९८५ सालच्या एम.डी. परीक्षेत तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या कन्येचे गुण वाढविण्यात आल्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ओढलेल्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या वैयक्तिक दोषाची चर्चा पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालली. गुणपत्रिकेतील फेरफारावरून राज्याचा मुख्यमंत्री पायउतार व्हावा, एवढी चाड त्या काळी शिल्लक होती, याची नोंद आदराने केली पाहिजे. पण ही कथा आपण कशी लक्षात ठेवली? कोण गेले, कोण आले, कोणत्या गटाची सरशी झाली, अशी सत्तेची कथा म्हणून. त्याच परीक्षेस त्याच वर्षी बसलेले आणि सरळपणे जो निकाल लागला तो स्वीकारून घरी गेलेले उमेदवार त्या कथेत कोठेच नाहीत.

हा केवळ आपल्या मातीचा दोष आहे असेही नव्हे. अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये असेच एक मोठे प्रकरण उघडकीस आले. रिक सिंगर नावाच्या सल्लागाराने धनिक आईबापांकडून कोट्यवधी डॉलर घेऊन त्यांच्या मुलांना येल, स्टॅनफर्ड, सदर्न कॅलिफोर्निया अशा विद्यापीठांत जागा मिळवून देण्याचा धंदा मांडला होता. परीक्षेतील उत्तरे दुरुस्त केली जात. कधी खेळाचे मैदानही न पाहिलेल्या मुलामुलींना खेळाडू ठरविले जाई. आपण मागले दार म्हणतो. तो बाजूचे दार म्हणे. फेलिसिटी हफमन या अभिनेत्रीने मुलीचे गुण वाढविण्यासाठी १५ हजार डॉलर दिले होते, आणि तिला १४ दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. आपल्या वाचकांना सर्वाधिक टोचेल ती गोष्ट अशी, की या यादीत जेझुइट संघाचे जॉर्जटाउन विद्यापीठही होते. तेथील टेनिसच्या प्रशिक्षकाने २५ लाख डॉलरांहून अधिक लाच घेतली होती. २०२२ साली त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. क्रूस भिंतीवर असला म्हणजे दार आपोआप राखले जाते, असे नाही.

त्या खटल्यातही कायद्याने नाडलेला पक्ष म्हणून पाहिले ते विद्यापीठांकडे, कारण त्यांच्या नोकरांची इमानदारी विकत घेतली गेली होती. ज्या मुलांच्या जागा गेल्या त्यांना न्यायालय नावाने हाक मारू शकले नाही. मारणार तरी कशी? त्या मुलांना स्वतःलाही आपली जागा कोणी घेतली हे ठाऊक नव्हते. या चोरीचे हेच वैशिष्ट्य आहे: येथे लुटलेल्याला लुटल्याचा पत्ता नसतो. तो आपल्याच बुद्धीला दोष देत राहतो.

या पार्श्वभूमीवर पवित्र शास्त्रातील दोन कथा आम्हास पुन्हा वाचाव्याशा वाटतात. एक उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातील रिबेकेची. आई आपल्या लाडक्या याकोबाच्या हातांवर व मानेवर करडाची कातडी बांधते, थोरल्या भावाची वस्त्रे त्याच्या अंगावर चढविते आणि आंधळ्या इसहाकाकडून एसावाचा आशीर्वाद त्याला मिळवून देते. तोतया परीक्षार्थी आणि खोटे दाखले यांची ही फार जुनी कथा. पण कथनकाराचे मोठेपण पाहा. आमचे चित्रपट जेथे थांबतात तेथे तो थांबत नाही. याकोब बाहेर पडतो न पडतो तोच एसाव शिकार घेऊन आत येतो. ज्याचे हिरावले गेले तो आपल्यासमोर उभा राहतो आणि मोठ्याने रडतो. बापही थरथर कापतो, पण दिलेला आशीर्वाद मागे घेता येत नाही. जागा गेली ती गेली.

आणि पुढचा हिशेबही शास्त्र चुकवीत नाही. करडाच्या कातडीने बापाला फसविणाऱ्या याकोबाला म्हातारपणी त्याचीच मुले करडाच्या रक्तात भिजविलेला झगा दाखवून फसवितात. रिबेकेने मुलाला थोड्या दिवसांसाठी म्हणून दूर धाडले. तो वीस वर्षे तिकडेच राहिला. मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचे शास्त्रात कोठेही नाही. एसाव पुढे क्षमा करतो, भावाच्या गळ्यात पडतो. पण तत्पूर्वी याकोबाला आपली गुरेढोरे भेट म्हणून पुढे धाडावी लागतात, भूमीपर्यंत लवून त्याच्या समोर जावे लागते. ही क्षमा ‘हिंदी मीडियम’मधील क्षमेसारखी स्वस्त नाही.

दुसरी कथा मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील जब्दीच्या मुलांच्या आईची. आपल्या दोन मुलांना प्रभूच्या उजव्या आणि डाव्या हाताची जागा मिळावी म्हणून ती त्याच्या पाया पडते. वशिल्याची ही विनंती आईच्या मायेतून आली आहे, आणि प्रभू त्या मायेचा अपमान करीत नाही. तो मुलांनाच विचारतो, की जो प्याला मला घ्यावयाचा आहे तो तुम्हास घेता येईल काय? म्हणजे जागेची चर्चा तो लायकीवर आणि कष्टावर आणून ठेवतो. या कथेतही बाकीचे दहा शिष्य अदृश्य नाहीत. ते रागावतात आणि त्यांच्या रागाची नोंद होते.

आमच्या मते येथे प्रश्न साहित्याचा राहत नाही, विवेकाचा होतो. आपण ज्यास सातवी आज्ञा म्हणून ओळखतो ती चोरीविषयी आहे, आणि आपल्या धर्मशिक्षणाप्रमाणे चोरीच्या पापाची केवळ कबुली पुरत नाही. घेतलेले परत करावे लागते. जक्कयाला हे कोणी शिकविले नव्हते; तो आपण होऊन चौपट परत करण्याची भाषा बोलला. पण चोरलेली जागा परत कोणाला करावयाची? गुणवत्ता यादीत आपल्यामुळे खाली सरकलेला तो मुलगा कोण, वालचंदनगरचा की भिगवणचा, की आणखी दूरचा, हे पापनिवेदनाच्या वेळी गुडघे टेकणाऱ्या बापाला माहीत नसते. ज्याचे नाव माहीत नाही त्याचे ऋण फिटले असे समजून आपण उठतो. वस्तुतः नाव माहीत नसल्याने ते ऋण अधिकच जड झालेले असते.

‘हे सारे बड्यांचे, आपला याच्याशी काय संबंध?’ असे आमचे वाचक म्हणतील. पण आपल्याही दारात छोटे कालवे आहेत. कॅथॉलिक शाळा-महाविद्यालयांना अल्पसंख्याक म्हणून घटनेने संरक्षण दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्याच्या बंधनातून मोकळे केले. म्हणजे गरिबाच्या मुलासाठी जागा राखण्याची जी सक्ती इतरांवर आहे, ती आपल्यावर नाही. सक्ती नाही तेथे विवेकाची जबाबदारी दुप्पट होते. प्रवेशाच्या दिवसांत धर्मगुरूंच्या शिफारसपत्राला एकदम मोल चढते. एरवी रविवारी न दिसणारी सधन कुटुंबे त्या महिन्यात पुढल्या बाकांवर दिसू लागतात; घरचे उत्पन्न दाखल्यात आटते आणि लग्नाच्या मांडवात पुन्हा भरून येते. यात कोणालाही बेड्या पडत नाहीत. पण पत्रासाठी ज्याच्या बापाला शब्द टाकता आला नाही, असा एखादा शेतमजुराचा मुलगा याच धर्मग्रामात असतो. त्याचे नाव तरी आपल्याला ठाऊक असते. तेथे अज्ञानाची सबब चालणार नाही.

मग करावयाचे काय? ज्यांच्या हातून असे काही घडून गेले आहे, त्यांना जक्कयाची वाट मोकळी आहे. परक्या घरातील एका मुलाचे शिक्षण, गाजावाजा न करता आणि उपकाराची भाषा न बोलता, पूर्ण होईपर्यंत उचलावे. त्याला देणगी म्हणू नये, फेड म्हणावे. ज्यांच्यापुढे हा मोह आज उभा आहे, त्यांनी मुलाला विश्वासात घेऊन एकच प्रश्न विचारावा: तू ज्या जागेवर बसशील तेथून कोण उठणार आहे? मुले या प्रश्नाचे उत्तर आईबापांपेक्षा सरळ देतात, असा आमचा विश्वास आहे. लबाडीने बसविलेल्या मुलाचेही आपण काही हिरावून घेत असतो. स्वतःच्या कष्टाने नापास होण्याचा आणि पुन्हा उभे राहण्याचा त्याचा हक्क जातो, आणि त्याच्या जागी येते ती जन्मभर उघडे पडण्याची भीती.

आमच्या लेखक-लेखिकांकडेही एक मागणे आहे. रमेश इंगळे उत्रादकरांनी ‘सर्व प्रश्न अनिवार्य’ या कादंबरीत खेड्यातील दहावीच्या परीक्षेतील कॉपीचे जग उभे केले आहे. गरिबाघरची कॉपी मराठी साहित्यात आली. श्रीमंताघरची खरेदी त्या ताकदीने आलेली आमच्या वाचनात नाही. ती लिहावी. पण लिहिताना बंगल्याच्या दिवाणखान्यात फार रेंगाळू नये. यादी लागल्यानंतर ज्या घरी पेढे आले नाहीत, ज्या घरी मुलीने आईला ‘माझाच अभ्यास कमी पडला’ असे सांगितले आणि आईने ते खरे मानले, त्या घराच्या ओट्यावर कथेने बसावे. त्या मुलीचा अभ्यास कमी पडला नव्हता. एवढे तरी तिला कोणीतरी सांगावयास हवे.